फुली मारलेले शब्द

आधी ते तुमचा हात हातात घ्यायचे. मग चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून ते तुमच्या तळव्यावर ठेवायचे आणि तुमची बोटं एकेक करून मिटवायचे.

"घ्या. ह्याला काम द्या. नुसतं बसवून ठिवलं तर मरतो तो."

हात उघडून पाहावं तर आत काहीच नसायचं. त्यांनी दिलेला असायचा एक शब्द. इंग्रजीतला, आणि तोही इंग्रजांनीच कधीकाळी टाकून दिलेला.

जुन्या जालन्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. मीही तेवढंच म्हणणार. नाव लिहिलं तर लोक आधी जात शोधतात, मग घर शोधतात आणि माणूस तिथंच राहून जातो.

हे लिहायला बसलो त्याला कारण आहे, आणि ते मी लपवत नाही. गेल्या पंधरवड्यात आमच्या वाचनालयाची सभा झाली. मी उठून म्हणालो, मास्तरांचा फोटो भिंतीवर लावा, चौकट माझ्याकडून. अध्यक्षस्थानी वकीलसाहेब होते. ते हसले. म्हणाले, "ज्यांनी गावाला जन्मभर चुकीची इंग्रजी शिकवली, त्यांचा फोटो वाचनालयात कसा लावायचा, शेठ?" सभाही हसली. ज्यांना इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिता येत नाही, ते जास्त हसले. मी उपरणं झटकून बाहेर पडलो. तेव्हापासून तापलेलं डोकं अजून खाली आलेलं नाही. तुम्हीही माणसं पारखणारे आहात. सगळं ऐका आणि मग कोण चुकीचं ते तुम्हीच ठरवा.

मी मूळचा टेंभुर्णीचा. जालन्याला आलो तो जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाठोडी पाठीवर वाहायला. मालकाचे हमाल मालकाच्या तोंडाकडं बघायचे, मी दलालांच्या हातांकडं बघायचो. कापूस चिमटीत धरून दोन अंगठ्यांनी ताणायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, आणि मग रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा. भाव तोंडातून काढायचा नाही. रुमालाखाली झालं ते रुमालाखालीच राहायला पाहिजे, हा आमच्या धंद्याचा कायदा. तो मी बघून बघून शिकलो आणि पुढं स्वतःची गादी घातली. कुणी हात धरून शिकवलं नाही आणि कुणाचा उपकारही नाही. उपकार असलाच तर तो एकाच माणसाचा.

अडचण आली ती जिनातल्या गोऱ्या साहेबापाशी. तो रुमालाखाली हात घालायचा नाही. त्याला सगळं तोंडानं लागायचं, आणि तोंड मधल्या दुभाष्याचं. साहेब पुष्कळ वेळ बोलायचा आणि दुभाषी मला एवढंच सांगायचा, "न्हाई म्हणतो." मी पुष्कळ वेळ बोलायचो आणि दुभाषी साहेबाला दोन शब्दांत उरकायचा. मधल्या मध्ये काय गळून जातंय ते मला दिसत होतं, पण धरता येत नव्हतं. हा दुभाषी म्हणजेच आजचे अध्यक्ष वकीलसाहेब. तेव्हा ते नुकतेच पुण्याहून शिकून आले होते आणि वकिली चालत नव्हती.

मी ठरवलं, इंग्रजी शिकायची. कुणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं.

मास्तरांचे वडील इथल्या छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. छावणी उठली तेव्हा साहेबलोकांनी सामान विकायला काढलं. टेबलं गेली, काचेची भांडी गेली. पुस्तकांची एक पेटी मात्र कुणी घेतली नाही, ती खानसाम्याच्या घरी आली. निम्मी वाळवीनं खाल्ली. उरलेल्यांत एक जाडजूड शब्दकोश होता, पुठ्ठा निघालेला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्या कोशातून हा माणूस वाढला. रोजच्या वापरातली इंग्रजीही त्यांना चांगली येत होती. स्टेशनातल्या तारबाबूशी ते तीच बोलायचे. हे ध्यानात ठेवा.

पहिल्या दिवशी त्यांनी कोश माझ्यापुढं उघडला. काही शब्दांच्या डोक्यावर एक बारीक फुली छापलेली होती.

"मास्तर, ही फुली कसली?"

"तो शब्द मेला म्हणून."

"कोण म्हणतं?"

"छापणारा."

"मंग खरंच मेला का?"

मास्तरांनी चष्मा काढला. "छावणीच्या मागं गोऱ्यांच्या कबरी हायेत, बघितल्या का? तिथं बी अशीच फुली असती. पण तिथल्या माणसाला हाक मारली तर तो उठत न्हाई. ह्याला मारून बघ."

मग माझा हात ओढून त्यांनी त्यावर चिमूट ठेवली. "हा तुला. रॉथ. रॉथ म्हंजे संतापलेला. घडीभर चिडला आन् शांत झाला, तसला न्हाई. ज्याचा संताप राखेखालच्या निखाऱ्यावानी आत राहून जातो, तसला. तुझ्याइतकं काम ह्याला गावात कुणी देणार न्हाई."

मी तेव्हाही चिडलोच होतो. ते म्हणाले, "बघ, लगेच कामाला लागला."

त्यांची शिकवायची रीत सगळ्या जगावेगळी. शब्दाचा अर्थ सांगून ते थांबायचे नाहीत. म्हणायचे, "अर्थ म्हंजे नुसता पत्ता झाला. तो शब्द कोण बोलतं, कुणापुढं बोलतं, कुठल्या तोंडानं बोलतं, ते सांग. तेवढं न्हाई आलं तर तुला शब्द आला न्हाई." मग स्वतः उठून ते सगळं करून दाखवायचे. 'प्रिदी' म्हणजे कृपा करून. पण तो पायरीवर उभं राहून म्हणायचा, पायाशी बसून नाही. 'फॉर्सूथ' म्हणजे खरोखर. पण समोरच्याला आपलं खरं वाटत नाही अशी शंका आली, की तेव्हाच म्हणायचा. त्या अंधाऱ्या खोलीत धोतर सावरत हा माणूस एकटाच साहेबही व्हायचा, मेमही व्हायचा, दारावरचा पहारेकरीही व्हायचा.

एवढी तयारी करून मी साहेबापुढं उभा राहिलो. गाडी बाहेर सोडली होती. दुभाषी तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "गुड मॉरो, सर. आय प्रे दी, बिहोल्ड धिस कॉटन."

साहेब माझ्याकडं बघतच राहिला. मग त्याचा चेहरा गाजरासारखा लाल झाला आणि तो हसायला लागला. हसत हसत त्यानं आतून मेमसाहेबला बोलावलं आणि मला पुन्हा म्हणायला सांगितलं. दुभाषीही हसत होता. मी म्हणालो, "आय ॲम रॉथ, सर." त्यावर मेमसाहेबही हसायला लागली. मी बाहेर आलो, बैल जुंपले आणि कापूस परत आणला.

मास्तरांकडं जाऊन सगळा संताप ओतला. त्यांनी एकच विचारलं, "त्याला समजलं का?"

"समजलं तर हसला ना."

"मंग झालं की. शब्द पोचला. हसणं त्याचं, आपण कशाला उचलून आणायचं?"

पुढच्या बाजाराला जिनातला चपराशी माझ्या गादीवर हजर. "वो रॉथवाले सेठ कौन है? साब याद कर रहे." तेव्हापासून साहेब माझ्याशीच बोलू लागला. दुसऱ्या कुणाचं नाव त्याच्या ध्यानात राहायचं नाही, माझं राहिलं. मधल्या दुभाष्याची गरज संपली. आमच्या वैराचं मूळ तिथं आहे, फोटोत नाही.

मग मी माझ्या गादीवरची माडी मास्तरांना दिली. दिवेलागणीच्या आधी तिथं वर्ग भरायचा. दुकानांतले गुमास्ते यायचे, जिनातले हमाल यायचे, बाजाराच्या दिवशी मंठ्याहून आलेले एक-दोन शेतकरीही खाली गाडी सोडून वर येऊन बसायचे. चालू इंग्रजी ते शिकवायचेच, पण जाता जाता प्रत्येकाच्या हातावर फुलीचा एक शब्द ठेवायचे.

एकदा म्हणाले, "इंग्रजाला उद्याच्या पुढचा दिवस सांगायचा असला तर तो शब्दांची मालगाडी जोडतो. उद्याच्या नंतरचा दिवस, असं म्हणतो. आपण एका शब्दात परवा म्हणून मोकळे. पर त्याच्याकडं बी व्हता असा शब्द. ओव्हरमॉरो. उघडं दार व्हतं, ते ह्यांनी बुजवलं आन् आता भिंतीवरून उड्या मारून राह्यलेत."

एक हमाल म्हणाला, "मंग आपण काऊन उघडायचं त्यांचं दार?"

"दार कुणाचं का असंना. बुजवलेलं दार बघितलं की माझा हात शिवशिवतो."

हे आमच्या तेव्हाच्या राज्यात सोपं नव्हतं. कचेरी उर्दूत चालायची, जिन इंग्रजीत चालायचं, मराठी घरात आणि बाजारात. खासगी वर्ग काढायचा तर सरकारची परवानगी लागायची. आमच्या माडीकडं कुणी बघत नव्हतं तोवर चाललं. मग कुणीतरी आमच्याविरुद्ध अर्ज केला. कुणी केला ते मला माहीत आहे. सिद्ध करता येत नाही म्हणून लिहीत नाही.

शिक्षणखात्याचे मोहतमिम, म्हणजे मोठे अधिकारी, स्वतः माडीवर आले. शेरवानीतला सभ्य माणूस होता, आवाज चढवून बोलला नाही. इंग्रजीचे जाणकार म्हणून सोबत वकीलसाहेब. त्यांची वकिली तोवर चालायला लागली होती.

मोहतमिम म्हणाले, "मास्टरसाहब, आपकी मेहनत की हम कदर करते हैं. मगर ये अल्फाज आज कोई नहीं बोलता."

परवानगी द्यायची त्यांची तयारी होती. अट एकच. कागदावर सही करायची, की मी आजवर शिकवले ते शब्द चुकीचे होते आणि यापुढं मंजूर पुस्तकाबाहेरचा शब्द शिकवणार नाही. सही नसेल तर वर्ग बंद. मास्तरांचं पोट त्या वर्गावर होतं हे माडीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, मोहतमिमांनाही.

मास्तरांनी कागद वाचला. विचारलं, "हुजूर, आप शेर कहते हैं?"

"थोडा शौक है."

"उसमें जो लफ्ज आते, वो सब्जीमंडी में कोई बोलता?"

मोहतमिम हसले. "नहीं."

"तो लिखके दीजिए, गलत हैं. फिर मैं भी लिखके देता."

मोहतमिमांचं हसू मावळलं, पण ते रागावले नाहीत. खाली बघून अंगठी फिरवत राहिले. मध्ये वकीलसाहेब बोलले, "मास्तर, विषय सोडू नका. ह्या शब्दांवर कोशातच फुली आहे, हे तरी तुम्हाला ठाऊक आहे का?"

"ठाऊक हाये म्हणूनच शिकवतो."

हे वकीलसाहेबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मीही ऐकलं, माडीवर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. न कळून चुकणारा माणूस वेगळा आणि समजून उमजून उभा राहणारा वेगळा. ज्यांनी हे ऐकलं, त्यांनी भर सभेत 'चुकीची इंग्रजी' म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

मास्तर पुढं म्हणाले, "आज ह्यांच्यावर फुली मारली, कुणी कुणाला विचारलं न्हाई. उद्या माझी माय ज्या बोलीत मला रागवायची तिच्यावर मारतील. मंग मी कुठल्या कचेरीत जाऊ?"

मला वाटलं, आता आपण मध्ये पडावं. मी रुमाल काढला, सवयीनं हातावर टाकला. म्हणालो, "हुजूर, थोडं तुमी सोडा, थोडं मास्तर सोडतील. कागदावर चुकीचे काढा आन् जुने लिव्हा. मास्तर, तुमी ओव्हरमॉरो ठिवा, ते 'तू' म्हणायचं दाऊ-बिऊ सोडून द्या. सौदा हून जाईल."

मोहतमिम विचारात पडले. म्हणाले, "जुने लिखने में हमको हर्ज नहीं." कागद जवळजवळ ठरला होता. असा सौदा मी कितीतरी वेळा तुटता तुटता जोडलेला आहे.

मास्तर माझ्याकडं वळले. "आन् खालची ओळ? यापुढं शिकवणार न्हाई, ती तशीच ना?"

"ती ऱ्हाऊ द्या की. कागद कागदाच्या जागी."

"दलाला, ही सरकी न्हाई. सरकीचा भाव हुतो. निम्मा शब्द जिता ठिवता येत न्हाई."

त्यांनी कागद घडी घालून मोहतमिमांच्या हातात दिला, अगदी अदबीनं, दोन्ही हातांनी. मी त्या दिवशी त्यांच्यावर असा भडकलो की जिना उतरताना तोंडाला येईल ते बोललो. आजही मला वाटत नाही की मी भाव करायला गेलो ते चुकलो. भाव करणं हे माझं काम. त्यांनी न करणं हे त्यांचं.

दुसऱ्या दिवशी अमीनाच्या, म्हणजे फौजदाराच्या, माणसानं माडीला कुलूप घातलं. माझीच माडी, पण वर जायची सोय नाही. मी गादीवर धुसफुसत बसलो होतो. तेवढ्यात मास्तर आले, अंघोळ करून, धुतलेलं उपरणं घेऊन. मला वाटलं, आता कुठं नोकरी बघायला शब्द टाका म्हणतील.

"वर्गाला परवानगी लागती," ते म्हणाले. "बाजारात बोलायला लागती का?"

"बोलायला कशाला लागंल?"

"मंग चल."

समोरच शिंपीचाचाचं दुकान. जालन्यातल्या शिंप्याला कपडे कधी मिळतील विचारा, तो परसों म्हणणार. आज विचारा, उद्या विचारा, परसों हलत नाही. मास्तरांनी त्याचा हात घेतला, बोटं मिटवली. "चाचा, आजपासून परसों नको. ओव्हरमॉरो म्हणायचं."

चाचानं दोनदा घोळवून पाहिला. "वजनदार है. गिऱ्हाइक झगडा नहीं करेगा."

आणि खरंच, लोकांनी वाद घालणं कमी केलं. ओव्हरमॉरो म्हणजे नेमकं कधी, हे विचारायची कुणाला हिंमत व्हायची नाही.

टांगेवाल्याला त्यांनी दिला 'व्हिदर'. कुठं जायचं, असं विचारताना म्हणायचा. त्याच्या सोबतीला 'हिदर', म्हणजे इकडं. टांगेवाला म्हणाला, "किधर, इधर. ये तो अपनीच जबान है, मास्तर. उनो चुराके ले गये थे, आप वापस लाये." चहावाल्याला दिला 'ग्रॅमर्सी', म्हणजे फार आभारी आहे, उठून जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा. न्हाव्याला 'ट्वॅटल', म्हणजे रिकामी बडबड. हा शब्द मलाच का, म्हणून न्हावी रुसला आणि त्या विषयावर बराच वेळ बोलत राहिला. कुंडलिकेच्या काठाला भाजी घेऊन बसणारी भागूबाई होती. तिचा नवरा उन्हं वर आली तरी उठत नसे. तिला मास्तरांनी 'स्लगॅबेड' दिला, अंथरुणात लोळत पडणारा. ती घरून निघताना दारात उभी राहून तो शब्द अशा आवाजात म्हणायची, की गल्लीतले दुसरेही दोघंतिघं उठून बसायचे.

रोज सकाळी मास्तर फेरी मारायचे. जिनातला मुकादम हमालांची हजेरी घेतो तसे दुकानापुढं उभं राहून विचारायचे, "कामावर आहे का?" दुकानदारानं वापरून दाखवायचा. कुणी कंटाळा केला तर ते त्याची मूठ उघडायचे, चिमटीनं शब्द उचलायचे आणि पुढच्या दुकानात नेऊन द्यायचे. न्हाव्याचा शब्द त्यांनी असा एकदा काढला. दुपारी न्हावी माझ्या गादीवर आला. "शेठ, मास्तरला सांगा ना. जुबान सुनी सुनी लागून राह्यली." मी त्याला म्हणालो, तुला तर तो नकोच होता. तो म्हणाला, "नको व्हता, पर आता सवय झाली ना."

पोटाचं म्हणाल, तर बाजारानं ते ठरवून काही केलं नाही. चहावाल्याकडं त्यांचा चहा असायचा, भागूबाई पिशवीत भाजी टाकायची, दुपारचं जेवण माझ्या घरून यायचं. कुणी बोलून दाखवलं नाही. मास्तर घेताना म्हणायचे, "ग्रॅमर्सी." त्या शब्दाला तेही काम देत होते.

वकीलसाहेब बाजारातून जाताना नाकाला उपरणं लावल्यासारखे जायचे. एकदा टांगेवाला त्यांना व्हिदर म्हणाला तर त्यांनी दुसरा टांगा केला. दुसराही तेच म्हणाला.

असं बरंच चाललं. पुढं राज्याचे शेवटचे दिवस आले. बाजार कधी उघडायचा, कधी नाही. बरेचजण बायकामुलं घेऊन हद्दीपलीकडं गेले. मी घरच्यांना पोचवून परत आलो, गादी सोडवेना म्हणून. मास्तरांना म्हणालो, चला, तिकडं माझे पाहुणे आहेत.

"आन् हे?" त्यांनी बाजाराकडं हात केला. निम्म्या दुकानांना फळ्या लागलेल्या होत्या.

"दुकानदारच न्हाईत तर शब्द कुठले मास्तर?"

"येतील की. आल्यावर विसरले असले तर?"

बंद दुकानापुढंही ते उभे राहायचे. फळीवर टिचकी मारून तो शब्द स्वतःच म्हणायचे आणि पुढं जायचे. मी बघत होतो. राज्य वाचवायला म्हणून बंदुका घेऊन हिंडणारी पोरंही बघायची. वेडा आहे म्हणून सोडून द्यायची.

त्याच उन्हाळ्यात ते आजारी पडले. ताप उतरेना, अन्न जाईना. माझ्या घरच्या ओसरीवर त्यांची बाज घातली. गावात शिंपीचाचा होता, तो कुठंही गेला नव्हता. मास्तरांनी त्याच्याकडं एक सदरा टाकला होता. एका सकाळी चाचा आला. काखेत घडी घातलेला सदरा होता, इस्त्री केलेला. मला दिसत होता. मास्तरांना तेवढं दिसत नव्हतं. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"चाचा, सदरा कधी?"

चाचानं माझ्याकडं बघितलं. सदरा पाठीमागं घेतला.

"ओव्हरमॉरो, मास्तर."

मास्तर हसले. किती दिवसांनी हसले. "कामावर आहे," म्हणाले. "मंग तोवर थांबतो."

चाचानं सांगितलेल्या परवाच्या दिवशी सकाळी मास्तर गेले. चाचानं तो सदरा आणला आणि आम्ही तो त्यांच्या अंगात घातला. बाह्या बरोबर झाल्या होत्या. पुढं महिन्या-दोन महिन्यांत राज्यही गेलं. माडीचं कुलूप मी स्वतःच्या हातानं तोडलं. वर पोत्यांखाली तो कोश होता, तो अजून माझ्यापाशी आहे.

सभेत माझा अपमान झाल्यावर चार दिवस मी कुणाशी बोललो नाही. मग चाचाच्या दुकानात जाऊन बसलो. तो म्हातारा झालाय, डोळ्याला कमी दिसतं, सुई पोरगा ओवून देतो. तिथं वकीलसाहेब आले, मागं फायली घेतलेला कारकून. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"माझा काळा कोट?"

चाचानं मान वर न करता सांगितलं, "ओव्हरमॉरो, साब."

वकीलसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग मागं वळून कारकुनाला म्हणाले, "ओव्हरमॉरो आठवण कर रे मला. कोट न्यायचा आहे." आणि पायऱ्या उतरून गेले.

त्यांची जीभ कुठं अडखळली नाही. इतकी वर्षं ते त्या दुकानात कपडे टाकतात, इतकी वर्षं हे उत्तर ऐकतात. शब्द कधी त्यांच्या घरात जाऊन बसला ते त्यांना कळलंही नव्हतं. चाचानं मान वर केली, सुई ओठांत धरलेली. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याला वाटलं, आता हा ओरडणार. मलाही तेच वाटलं. मी उठलोही. वकीलसाहेब समोरच होते, टांग्यात चढत होते. भर बाजारात एकच वाक्य टाकायचं होतं, की सभेतलं सगळं व्याजासकट वसूल झालं असतं. मी आयुष्यात असा भाव कधी सोडलेला नाही.

पण सांगितलं असतं तर त्यांनी तो शब्द पुन्हा तोंडात घेतला नसता. एक तोंड कमी झालं असतं. उद्या सकाळी फेरीला कुणी विचारलं असतं, कामावर आहे का, तर मी काय सांगितलं असतं?

मी खाली बसलो. वकीलसाहेब माझं लिहिलेलं वाचत नाहीत, ते त्यांच्या मानाला कमी पडतं. म्हणून इथं लिहायला हरकत नाही. तुम्ही वाचलंत, तर तुम्हीही त्यांना सांगू नका. आणि फोटोचं म्हणाल तर तो मी चाचाच्या दुकानात लावलाय, कोट टांगायच्या खुंटीच्या वर. कोट न्यायला येणाऱ्याला मान वर करावीच लागते.

चाचानं सुई ओठांतून काढली. "गुस्सा उतर गया क्या, सेठ?"

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो. खिशातला रुमाल काढून हातावर टाकला आणि त्याच्याखाली मूठ मिटून घेतली. पहिल्या दिवशी मास्तरांनी आत काय ठेवलं ते तुम्हाला माहीत आहे.